आवाज आणि शेजाऱ्याचा हक

शेजाऱ्याच्या हकाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. जुम्याच्या बयानात ते येते, मकतबात जाणाऱ्या पोरांनाही ते तोंडपाठ असते. सालन शिजवले तर त्यात थोडे पाणी वाढवून शेजारी वाटीभर द्यावे, तो आजारी पडला तर विचारपूस करावी, मयत झाली तर खांदा द्यावा. हे आपण ऐकतो आणि बऱ्यापैकी पाळतोही. पण आज दोन घरांतले बोलणे बंद होते ते सालनाच्या वाटीवरून नव्हे. ते होते आवाजावरून. रात्री अकरा वाजता चालू असलेला टीव्ही, अंगणात मांडलेला लग्नाचा डीजे, पहाटेपासून वाजणारा कर्णा. शेजाऱ्याचा हक त्याच्या कानापर्यंत आणि झोपेपर्यंत पोचतो की नाही, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

याला एक साधे कारण आहे. पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. गेवराई तालुक्यातले आमचे तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव म्हणून ओळखले जाते. आमच्या या भागात जुनी घरे माळवदाची होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशा भिंतीतून माणसाचे बोलणे पलीकडे जात नसे. गेले तर दारातून, अंगणातून, उघडपणे जाई. आता वाटण्या झाल्या. एका वाड्याची चार घरे झाली, मध्ये चार इंची विटेची भिंत आली आणि वर पत्रे. ती भिंतही पुष्कळ ठिकाणी पत्र्याला टेकत नाही. वरच्या वीतभर फटीतून पलीकडच्या घरातले भांडण, खोकला, मोबाईलवरची रील सगळे इकडे येते. डीजेचा ठोका तर भिंतीला जुमानतच नाही. तो छातीत जाणवतो आणि डोक्यावरचा पत्रा थरथरतो. माणसे बिघडली असे म्हणण्याआधी ही भिंत पाहावी, असे आम्हाला वाटते.

आणि सगळे आवाज एका तागडीत तोलताही येत नाहीत. बाळ रडते, शेळी ओरडते, म्हाताऱ्याला रात्रभर ढास लागते, पिठाची गिरणी वीज येईल त्या वेळी चालते. हे गरजेचे आवाज. त्यांच्यावर कुरकुर करणाऱ्याने जंगलात जाऊन राहावे. याउलट नव्या स्पीकरची ताकद गल्लीला कळावी म्हणून लावलेले गाणे. त्यामागे गरज नसते, हौस असते, आणि थोडी दांडगाईही. मधली जागा मात्र अवघड आहे. जागरण-गोंधळ, हरिनाम सप्ताह, मिलाद, कव्वाली, नातेचा कार्यक्रम. इथे हौस कुठे संपते आणि श्रद्धा कुठे सुरू होते, हे ज्याच्या घरी कार्यक्रम आहे त्यालाही सांगता येत नाही. त्रास होणाऱ्याची जीभ अडते ती इथेच.

ही जीभ अडणे आम्हाला नीट पाहायचे आहे. शेजारच्या हिंदू घरी रात्रीचा कार्यक्रम आहे आणि आपल्या घरात दम्याचा म्हातारा आहे, किंवा मुलीचा सकाळी दहावीचा पेपर आहे. आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. ‘जाऊ द्या, उगाच वाढायचे,’ असे म्हणतो आणि त्याला सब्र हे नाव देतो. तिकडे पलीकडच्या घरातही हेच घडत असते. आपल्या कार्यक्रमाचा माईक बारा वाजेपर्यंत चालतो तेव्हा रात्रपाळी करून आलेला तो शेजारी कूस बदलत पडलेला असतो, पण बोलत नाही. ‘त्यांचे आहे, जाऊ द्या.’ दोन्ही घरे चांगली, दोन्ही गप्प. बाहेरून पाहणाऱ्याला हा मोठा सलोखा वाटेल.

पण भीतीने गप्प बसणे म्हणजे सब्र नव्हे. सब्र करणाऱ्याजवळ बोलण्याची वाट मोकळी असते आणि तरी तो सोसतो. अल्लाहकडून आलेली मुसीबत निराळी. तिथे सोसण्यावाचून मार्ग नाही आणि त्या सोसण्याला मोठे मोल आहे. शेजाऱ्याने लावलेला स्पीकर ही काही आसमानी आफत नाही. ‘मी बोललो तर माझ्या धर्माचा माणूस बोलला असा अर्थ निघेल’ या धाकाने जो गप्प बसतो, त्याने शेजाऱ्याला काही दिलेले नसते. त्याने मनात एक हिशेब लिहून ठेवलेला असतो. असे हिशेब दोन्ही बाजूंना साठत जातात. मग २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांसारखी वेळ येते. भोंग्यांवरून राज्यभर वातावरण तापते आणि सगळे हिशेब एकदम बाहेर पडतात. तोवर कोणाची झोप मोडली हा प्रश्न मागे पडलेला असतो. उरतो तो कोणाचा आवाज वरचढ, एवढाच.

हदीसच्या ग्रंथांत, सुनन अबू दाऊदमध्ये, एक प्रसंग आहे. एक जण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने शेजारी त्रास देतो अशी तक्रार केली. त्याला सब्र करण्यास सांगितले गेले. तो पुन्हा आला. दोन-तीन वेळा असे झाल्यावर प्रेषितांनी (स.) त्याला घरातले सामान काढून रस्त्यावर ठेवण्यास सांगितले. त्याने तसे केले. येणारे-जाणारे विचारू लागले, कारण कळताच शेजाऱ्याला दोष देऊ लागले. शेवटी तो शेजारी स्वतः आला आणि म्हणाला की घरी परत ये, यापुढे तुला माझ्याकडून काही त्रास होणार नाही.

सब्राचा सल्ला इथे पहिला आहे, पण शेवटचा नाही. दुसरा सल्ला भांडणाचाही नाही. तक्रार करणाऱ्याने कोणाला हात लावला नाही, गैरसोय स्वतःच सोसली, पण त्रास झाकून ठेवला नाही. काम केले ते रस्त्याने, लोकलाजेने. आमच्या मनात शंका येते ती इथेच. आज कोणी असे सामान रस्त्यावर मांडले तर जाणारा-येणारा ‘काय झाले’ असे विचारेल, की ‘कोण कोण आहेत’ असे विचारेल? लोकलाज चालायची तर रस्ता एक असावा लागतो. रस्ताच दोन झाला असेल तर शरमेची जागा गटबाजी घेते आणि चुकणाऱ्याला पाठीराखे मिळतात. आवाजाचा प्रश्न सुटत नाही त्याचे खरे कारण आम्हाला हे दिसते.

इमाम अबू हनीफांची (र.) एक गोष्ट आपल्या घरांत नेहमी सांगितली जाते. कूफ्यात त्यांच्या शेजारी एक मोची राहत असे. दिवसभर तो कष्ट करी, रात्री मांस किंवा मासळी घेऊन येई, दारू पिई आणि झोप लागेपर्यंत मोठ्याने गात राही. आपल्यासारख्या माणसाला लोकांनी वाया घालवले, अशा अर्थाची ती ओळ होती. इमामसाहेब रात्री नमाजला उभे असत आणि हे गाणे रोज त्यांच्या कानी पडे. एका रात्री ते आले नाही. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की गस्तीच्या शिपायांनी त्याला पकडून नेले आहे. सकाळी फजरनंतर ते खेचरावर बसून अमीराकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. परतताना त्यांनी त्याला विचारले, आम्ही तुला वाया घालवले का? मोच्याने तौबा केली.

ही गोष्ट ऐकून आपण इमामसाहेबांच्या सहनशीलतेला दाद देतो आणि थांबतो. आम्हाला मात्र ते गाणे बंद झाल्यावर अस्वस्थ झाले, हेच तिचे मर्म वाटते. त्या आवाजामागचा माणूस त्यांना ठाऊक होता. गोंगाट तोच असतो, पण तो अनोळखी माणसाचा असला की दुप्पट होतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. एक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. इमामसाहेबांचे वजन अमीराच्या दरबारात होते. त्यांचे सोसणे हे बलवानाचे सोसणे होते. ज्याचे गल्लीत वजन नाही, त्या भाडेकरूला किंवा एकट्या बाईला ही गोष्ट सांगून गप्प बसवणे हा त्या गोष्टीचा गैरवापर आहे.

अशा माणसासाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सरकारने ठरवून दिलेले वर्षातले १५ दिवस काय ते मध्यरात्रीपर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे बंधन उचलून धरले. २३ जानेवारी २०२५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असे सांगितले आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी असेही सांगितले. ही दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. तक्रार करणारा का घाबरतो हे न्यायालयाने ओळखले. तलवाड्याला पोलीस ठाणे आहे, फोनही हाताशी आहे. पण गाडी येऊन स्पीकर बंद करून गेली, तरी सकाळी नळावर त्याच दोन बायका भेटणार असतात. त्यांनी एकमेकींशी काय बोलावे, हे कायदा सांगू शकत नाही.

आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. प्रेषित (स.) मशिदीत एतिकाफमध्ये असताना लोक मोठ्याने कुरआन पढत होते. त्यांनी पडदा बाजूला करून सांगितले की प्रत्येक जण आपल्या रबशी बोलतो आहे, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका. पढणे कुरआनचे, जागा मशीद, तरीही हे सांगितले गेले. मग रमजानमध्ये सहरीसाठी पहाटे साडेतीनपासून दर पाच मिनिटांनी कर्ण्यावरून पुकारा कशासाठी? गजर लावता येईल असा मोबाईल आज प्रत्येक उशाशी आहे. पूर्वी फकीर दारोदार फिरून नाव घेऊन उठवीत. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणते दार वाजवायचे नाही, हे त्यांना ठाऊक असे. कर्ण्याला ते ठाऊक नसते. बंद्यांचे हक ज्याचे बुडाले त्यानेच माफ करायचे असतात, हे आपण मानतो. मग गल्लीतल्या किती घरांत जाऊन आपण माफी मागणार आहोत?

समजूत दाखवता येते, हेही आपण पाहिले आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आले, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारनेही ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. दोन मिरवणुकांचे जमले. दोन घरांचे जमणे त्याहून अवघड, कारण तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

गल्लीत हे जमवतात त्या बहुधा बायका. ‘भाभी, जरा आवाज कम करो ना, पोरी का पेपर है,’ किंवा ‘काकू, आमच्या अब्बांना रात्री झोप नाही हो,’ एवढेच त्या भिंतीवरून सांगतात. डीजे वाजत असताना जाऊन त्या भांडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दळणाला जाताना सांगतात. चार माणसे घेऊन पुरुष जातो तेव्हा पलीकडूनही चार येतात.

आणि गेल्याशिवाय कळतही नाही. दिवाळीनंतर आमच्या भागातली किती तरी घरे ऊसतोडीला जातात. टोळी कारखान्यावर, घराला कुलूप, नाही तर मागे एखादी म्हातारी. तिचा टीव्ही रात्री उशिरापर्यंत मोठ्याने चालतो आणि शेजारी वैतागतात. जाऊन पाहावे तर तिला ऐकू कमी येते, आणि झोपेपर्यंत घरात माणसांचा आवाज असावा म्हणून तिने तो लावलेला असतो. त्या घरी जाऊन बसले की ती स्वतःच टीव्ही बंद करते.