आज रोख, उद्या उधार

गावात मोठं दुकान येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी माणसांचे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, येऊ द्या. दुसरा म्हणतो, येऊ देणार नाही. जरा जवळ जाऊन पाहिलं, तर दोन्ही पक्षांत माणसं तीच असतात. सकाळी या पक्षात, संध्याकाळी त्या.

आमच्या आखाडा बाळापुरात ही कुणकुण अधूनमधून लागते. हे बाळापूर म्हणजे अकोल्याकडचं, किल्ल्याचं बाळापूर नव्हे. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं. त्यांच्याकडे किल्ला आहे, आमच्या नावातच आखाडा आहे. त्यामुळे वाद घालायला वेगळी जागा शोधावी लागत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेला कुणी चार खड्डे खणले, की चहाच्या हॉटेलात लगेच सुरू होतं, “मॉल होऊ लालाय म्हणं!” पुढे त्या खड्ड्यांतून बहुधा मंगल कार्यालय उगवतं. पण तोवर पेठेनं विरोधाचा अर्ज लिहिलेला असतो आणि आपण सही ठोकलेली असते.

प्रश्न आहे तो या सहीचा. समजा, दुकान खरंच आलं. आत थंड हवा, ढकलायला गाडी, आणि तेलाच्या पिशवीमागे चार रुपये कमी. अशा वेळी सही करणारा गृहस्थ सहकुटुंब आत शिरला, तर त्याला ढोंगी म्हणावं का? थोरामोठ्यांनी सत्य, अहिंसा वगैरे विषयांवर ग्रंथ लिहिले. तेलाच्या पिशवीकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नाही. म्हणून मी देतो.

हा वाद काही बाळापुरानं काढलेला नाही. 24 नोव्हेंबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं सर्व तऱ्हेचा माल विकणाऱ्या दुकानांत 51 टक्के परदेशी भांडवलाला मान्यता दिली आणि देशभर गदारोळ उठला. 1 डिसेंबरला व्यापाऱ्यांनी बंद पाळला. दुकान बंद पडू नये म्हणून दुकान बंद ठेवायचं, हे तर्कशास्त्र फक्त आपल्याकडेच सुचू शकतं! आठवड्याभरात सरकारनं निर्णय बाजूला ठेवला, सप्टेंबर 2012 मध्ये पुन्हा घेतला, आणि 20 सप्टेंबरला पुन्हा भारत बंद. त्या निर्णयात एक अट अशी होती, की ही दुकानं 10 लाखांवर वस्तीच्या शहरांतच निघावीत. 2011 च्या शिरगणतीप्रमाणे अख्ख्या मराठवाड्यात त्या मापाचं शहर एकच, तेव्हाचं औरंगाबाद. म्हणजे बाळापूरला धोका शून्य. पण धोका नाही म्हणून विरोध करू नये, असं थोडंच आहे?

गंमत पुढेच आहे. ज्या अमेरिकन वॉलमार्टचं नाव घेऊन घोषणा झाल्या, त्या वॉलमार्टनं 2018 साली फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला. वेशीवर पहारा ठेवला, आणि पाहुणा मोबाइलमधून खिशात येऊन बसला. आता पेठेतला दुकानदार स्वतःच पायताण फोनवरून मागवतो आणि अर्जावर पहिली सहीही स्वतःच करतो. त्याला मी ढोंगी म्हणत नाही. तोही गिऱ्हाईकच आहे.

आपण स्वतः माल उचलून घ्यायची ही पद्धत 1916 साली अमेरिकेत मेंफिस गावी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं चालू केली. दुकानाचं नाव पिगली विगली. (नाव ऐकून बाळबोध वाटेल, पण धंदा पक्का होता.) त्याआधी गिऱ्हाइकानं फळीपलीकडून यादी वाचायची आणि दुकानातल्या पोऱ्यानं सामान काढून द्यायचं. सॉन्डर्सनं पोऱ्याचं काम गिऱ्हाइकाकडे दिलं आणि त्याला सोय म्हटलं. हमाली आपण करायची, वर पैसेही आपण द्यायचे, आणि आनंदानं घरी यायचं!

पण यात जे गेलं ते फक्त पोऱ्याचं काम नव्हे. आमच्या पेठेतल्या आप्पांच्या दुकानात गेलं, की (नाव काही असो, दुकानदाराला आपण आप्पाच म्हणतो) ते आधी विचारतात, “काय साहेब, बाईंचा दमा कसाय?” नंतर डाळ. मोठ्या दुकानातलं यंत्र दम्याची चौकशी करत नाही. आणि आप्पांजवळ ती लाल कापडाची वही असते. मी बँकेत कारकुनी करतो, म्हणून या वहीबद्दल मला धंद्यातला आदर आहे. आमच्याकडे कर्ज मागायला आलात, तर सातबारा आणा, जामीनदार आणा, फोटो आणा, आणि सगळं आणलंत की साहेब रजेवर. आप्पांकडे जामीन म्हणजे तुमचा चेहरा. आमच्या भागात जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात येतं, हळद तर नऊ महिन्यांचं पीक. तोवर घरात चूल पेटते ती त्या वहीवर. भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते खरी, पण तिच्याच खाली बसून आप्पा उधारी मांडत असतात. मोठ्या दुकानात ही पाटी नसते. तिथे उद्याही रोखच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की मी आप्पांचा वकील आहे. थांबा. हीच वही उलटीकडूनही वाचता येते. दुकान माणसांनी भरलेलं असताना, “मागचं कधी द्यायचं ठरवलंय, ताई?” हे वाक्य आप्पा ज्या आवाजात म्हणतात, तो दम्याच्या चौकशीचा आवाज नव्हे. निंदणीला जाणारी बाई ती चौकशी ऐकून मान खाली घालते आणि सांगतील त्या भावानं गूळ घेते. कारण जिथं देणं आहे, तिथं भाव करता येत नाही. उधारीचं व्याज वहीत दिसत नाही, ते गुळात विरघळलेलं असतं. शिवाय ज्यांच्या आज्या-पणज्यांना दुकानाच्या पायरीवर चढू न देता पुडी वरून टाकली जायची, त्यांना जुन्या पेठेच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगायला जरा जपून जावं. ढकलगाडीच्या दुकानात तुम्ही कुणाचे कोण, हे कुणी विचारत नाही. आपल्याला जी बेपर्वाई वाटते, ती त्यांच्या लेखी सुटका असू शकते.

मग खरं कुणाचं? मला वाटतं, आपण दोन प्रश्न एकाच पिशवीत कोंबतो. मी काय घेऊ, हा एक प्रश्न. आणि आपण काय ठेवू, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी एकटा देतो. चार रुपये वाचले तर वाचवतो. माझ्या एका पिशवीनं आप्पांचं दुकान बुडत नाही. गोची अशी, की गावातला प्रत्येकजण हाच बरोबर हिशेब करतो, आणि सगळ्या बरोबर हिशेबांची बेरीज म्हणजे पेठेला कुलूप. कॉमर्सला असताना ही बेरीज आम्हाला शिकवली नाही. म्हणून एकट्यानं न देता येणारं उत्तर सगळ्यांनी मिळून द्यायचं, यासाठी अर्ज असतो. अर्जावर सही करून स्वस्त तेल घेणारा ढोंगी नव्हे. तो म्हणतो, सगळे थांबणार असतील तर मीही थांबतो.

फ्रान्सनं 1973 साली असं थांबवून पाहिलं. ठरावीक आकारापेक्षा मोठं दुकान काढायचं, तर स्थानिक समितीची परवानगी हवी, असा कायदा रॉय्ये नावाच्या मंत्र्यानं केला. समितीत 20 जण: 9 लोकप्रतिनिधी, 9 व्यापारी-कारागीर, आणि ग्राहक फक्त 2. (ग्राहक सगळीकडे असाच कोपऱ्यात.) तरी फ्रान्सात मोठी दुकानं वाढायची ती वाढलीच. जपाननंही 1973 सालीच तसा कायदा केला आणि 2000 साली गुंडाळला. नुसत्या मनाईनं पेठ टिकत नाही, असा याचा अर्थ मी काढतो.

आणि मोठं दुकान म्हणजे परकंच, असंही नाही. मुंबईत नायगावला 1948 साली गिरणी कामगारांनी आपलं सहकारी दुकान काढलं, त्याचाच पुढे ‘अपना बाजार’ झाला. कोल्हापूरकडे वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या सहकारातून वारणा बाजार उभा राहिला, तोही ग्रामीण भागात. दुकान मोठं, पण मालक सभासद. डाळीत खडा निघाला, तर वार्षिक सभेत उभं राहून ओरडता येतं. आप्पांच्याही दुकानात ओरडता येतं. ओरडायला समोर माणूसच नसेल, तिथं स्वस्ताईला आपण काय मोजतो ते तपासावं.

तेव्हा पुढच्या वेळी रस्त्यावर खड्डे दिसले, तर माझ्या मते अर्ज दोन करावेत. पहिला ग्रामपंचायतीला: मोठं दुकान येण्यापूर्वी ग्रामसभेत चर्चा व्हावी, आणि तीत निंदणीला जाणाऱ्या बायांनाही बोलू द्यावं. दुसरा पेठेला: भाव पाटीवर लिहावेत, पक्की पावती द्यावी, आणि उधारी हळू आवाजात मागावी. पहिल्या अर्जावर सह्या भराभर होतील. दुसरा मात्र आप्पांच्या फळीवर ठेवून वाट पाहावी लागेल. ते चष्मा पुसतील, अर्ज उलटा-सुलटा करून वाचतील आणि म्हणतील, “साहेब, आज राहू द्या. उद्या बघू.”