एकट्या नाविकाची झोप

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा पाचवा नियम असे सांगतो की, प्रत्येक नौकेने सर्वकाळ डोळ्यांनी व कानांनी योग्य पहारा ठेवला पाहिजे. एकट्याने प्रवास करणाऱ्यास त्यात सवलत नाही. मग शिडाची नौका घेऊन महासागर ओलांडणारा एकटा नाविक झोपतो तेव्हा काय होते? नियम मोडतो. रोज मोडतो, आणि तो किनाऱ्यावर परतला की आपण त्याला हार घालतो. ह्या विसंगतीकडे हसून दुर्लक्ष करता येईल, पण तिच्यात नीतीचा एक खरा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ ह्या काळातील त्यांच्या प्रवासात ‘स्प्रे’ ही नौका सुकाणू बांधून ठेवले तरी दिशा सोडत नसे. हिंदी महासागरातील कोकोस बेटे गाठताना २,७०० मैलांच्या व २३ दिवसांच्या टप्प्यात ते जेमतेम तीन तास सुकाणूपाशी होते. आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये अशी प्रदक्षिणा पूर्ण केली. ते ह्या मार्गावरील पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी ह्यांनी तीच नौका कोठेही न थांबता फिरवून आणली. ह्या पराक्रमांविषयी आम्हांस निखळ आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

झोपेचे गणित सोपे आहे. ताशी ३७ किलोमीटर वेगाने येणारे मालवाहू जहाज आणि त्याच्यासमोर ताशी ११ किलोमीटर वेगाने जाणारी नौका ह्यांच्यातील १५ किलोमीटरांचे अंतर १९ मिनिटांत संपते. म्हणून वर्दळीच्या पाण्यात नाविक पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून पडतात, उठून क्षितिजावर चौफेर नजर फिरवितात आणि पुन्हा पडतात. आता रडार आहे. जहाजे एकमेकांना आपली जागा कळवितात ती ए.आय.एस. यंत्रणाही आहे. धोका जवळ आला की ती घंटा वाजविते. परंतु ज्या होडीवर ही यंत्रणा नाही, तिच्यासाठी घंटा कशी वाजणार?

नाविकांची बाजू घेणारे म्हणतात, अशक्य गोष्टीचे बंधन कोणावर नसते. माणूस आठवडेच्या आठवडे जागू शकत नाही. खरे आहे. पण एकट्याने निघण्यास त्याला कोणी भाग पाडले होते? जुने नीतिशास्त्र येथे एक भेद करते. कृत्य प्रत्यक्ष इच्छिलेले नसले तरी त्याचे कारण आपण जाणूनबुजून निवडलेले असू शकते. रात्रभर जागून पहाटे ट्रक हाती घेणाऱ्या चालकाला डुलकी लागली, तर दोष आपण डुलकीला देत नाही, किल्ली फिरविण्याला देतो.

ह्याच न्यायाने एकट्याचे सागरभ्रमण सर्वस्वी त्याज्य ठरविणारेही आहेत. आम्ही तेथवर जात नाही. दक्षिणेच्या महासागरात दिवसचे दिवस दुसरे जहाज दिसत नाही. तेथे झोपणारा मुख्यत्वे आपलाच जीव पणाला लावतो. (मुख्यत्वे, कारण संकटात सापडलेल्याला शोधण्यास कोणीतरी जातेच. २०२०च्या ‘व्हांदे ग्लोब’ शर्यतीत केव्हिन एस्कोफिए ह्यांची नौका दुभंगली, तेव्हा आपली शर्यत सोडून चौघे त्यांच्या शोधात वळले, आणि ६१ वर्षांच्या जाँ ल कॅम ह्यांनी त्यांना वाचविले.) त्या चौघांपैकी एक, बोरिस हेरमान, जवळजवळ ऐंशी दिवसांच्या प्रवासानंतर २७ जानेवारी २०२१ रोजी अंतिम रेषेपासून सुमारे १६५ किलोमीटरांवर एका मासेमारी जहाजावर आदळले. ते विश्रांती घेत होते. यंत्रांनी इशारा दिला नाही. जीवितहानी झाली नाही.

दोष नुसत्या झोपेचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ताटकळत जागणारा नाविक उघड्या डोळ्यांनीही समोरचे जहाज चुकवू शकतो. म्हणून झोपणे हेही पहाऱ्याचेच काम आहे, पण ते आधी उरकून घेण्याचे काम. मोकळ्या समुद्रात झोपेची थकबाकी फेडून, जेथे इतरांची घरे चालतात त्या पाण्यात जागे राहण्याची तयारी ज्याने केली नाही, त्याचा अपराध गजर वाजण्याच्या कितीतरी आधी घडलेला असतो. मोठ्या जहाजावर नौका आदळली तर चुरा बहुधा नौकेचाच होईल. लहान होडीवर आदळली तर जे मरतील, त्यांनी कोणताही विक्रम योजलेला नव्हता.

उत्तन-वसईच्या कोळीबांधवांस हे आम्ही नव्याने सांगावयास नको. रात्री जाळे पाण्यात असताना तांडेलाला होडी चटकन बाजूला घेता येत नाही. नियमावलीचा अठरावा नियम हेच जाणतो: मासेमारीत गुंतलेल्या होडीच्या वाटेतून शिडाच्या नौकेनेच दूर व्हावयाचे असते.