वाकणे आणि वाकवणे

यंदा गणपतीच्या सुटीत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी भेटायला आली. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ही मुलगी रोज बसने शाळेला यायची. दहावीनंतर पुण्याला गेली, तिथे जपानी शिकली, परीक्षेच्या पायऱ्या एकेक करून चढली आणि शेवटी वर्षभर जपानात राहून आली. दाराशी तिने चपला काढल्या आणि खाली वाकून, त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला करून नीट लावून ठेवल्या. आमची सौभाग्यवती हे पाहत होती. "शाळेत असताना ही चपला भिरकावून वर्गात शिरायची," ती मला हळूच म्हणाली.

त्या दिवशी ती दोन तास बोलत होती. मी बहुतेक वेळ ऐकतच होतो. एका शिक्षकाला याहून मोठे सुख नसावे. परंतु तिच्या बोलण्यातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या मनातून जाईना. तोच इथे मांडतो आहे.

जपानी भाषा मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही, असे ती सांगत होती. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे प्रत्यय नामाला मागून जोडले जातात. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी 'का' येतो, अगदी आपल्या 'येता का?'मधला. आपण 'छान आहे, ना?' म्हणतो, तर ते 'ने' म्हणतात. आणि त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न अशा क्रमाने चालते, त्यामागे बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अध्ययनाचा प्रभाव आहे. अर्थात, सोपेपणा इथेच संपतो. छेचाळीस-छेचाळीस मूळ अक्षरांच्या दोन लिप्या, आणि त्यांच्या डोक्यावर चिनी चित्राक्षरांचा डोंगर. नित्य वापरासाठी म्हणून जी चित्राक्षरे तिथल्या शासनाने ठरवली आहेत, त्यांचीच संख्या २,१३६ आहे.

पण तिला खरे नवल वाटले ते आदरार्थी क्रियापदांचे. 'खाणे' या एका क्रियेला साधा शब्द एक. समोरचा थोर माणूस खात असेल तर दुसरा. आणि आपण स्वतः नम्रपणे खात असू तर तिसरा. या तिसऱ्या शब्दाचा, 'इतादाकु'चा, मूळ अर्थ आहे मस्तकावर धरणे. आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो तसा. जेवणाआधी जपानी माणूस याच शब्दाचे रूप उच्चारतो. स्वतःच्या आईला परक्यांपुढे एक शब्द, दुसऱ्याच्या आईला दुसरा, अधिक मानाचा. थोडक्यात, बोलणाऱ्याने तोंड उघडण्याआधी आपण कोण आणि समोरचा कोण, याचा विचार करायचा, आणि मग स्वतःला एक पायरी खाली ठेवायचे.

"सर, सुरुवातीला मला हे ढोंग वाटायचं," ती म्हणाली. "मनातलं एक आणि तोंडावरचं एक. त्यांच्याकडे या दोन्हींना वेगवेगळे शब्दसुद्धा आहेत. होन्ने आणि तातेमाए. पण नंतर वाटलं, आपली आज्जी घरात साखर नसली तरी 'च्या घेऊन जा' म्हणते, ते काय खोटं असतं?"

या उत्तराने मी मनोमन सुखावलो. सौजन्य हे असत्य नव्हे. समोरच्याला जागा करून देण्याची ती एक रीत आहे. सोळाव्या शतकातले चहाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांच्या परंपरेतील चहाच्या खोलीला एक अगदी बुटके, जेमतेम दोन फुटांचे दार असते. त्यातून आत जायचे तर सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, गुडघ्यांवर येऊन, वाकूनच जावे लागे. आत सगळे सारखे. भाषा शिकणे हे असेच एक बुटके दार आहे, असे मला वाटते. पस्तिशीतला पदवीधर माणूसही परकी भाषा शिकू लागला की बालवाडीतल्या मुलासारखा अडखळतो, चुकतो, हसे करून घेतो. ही नम्रता दुसऱ्या कोणत्याही विषयात इतक्या रोकड्या स्वरूपात शिकायला मिळत नाही.

इथवर सारे गोड होते. मग तिने तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली.

ही मैत्रीण ओकिनावाची. जपानच्या अगदी दक्षिणेकडची ही बेटे पूर्वी र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. १८७९ मध्ये जपानने ते खालसा करून आपला एक प्रांत केला. तिथल्या भाषा जपानीच्या बहिणी खऱ्या, पण इतक्या वेगळ्या की टोकियोच्या माणसाला त्या कळत नाहीत. पुढे शाळांतून प्रमाण जपानी शिकवण्याची मोहीम सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक लाकडी पाटी आली. तिचे नाव 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी. जो मुलगा शाळेत घरची बोली बोलेल, त्याच्या गळ्यात ती अडकवायची. आणि ती गळ्यातून निघणार कधी? दुसऱ्या एखाद्या मुलाला बोली बोलताना त्याने पकडले, की तेव्हा! मग पाटी त्या दुसऱ्याच्या गळ्यात.

वाचकांनी या युक्तीचा क्षणभर विचार करावा. गुरुजींना छडी उगारावी लागत नाही, आवाजही चढवावा लागत नाही. मुलेच एकमेकांच्या तोंडाकडे कान लावून बसतात. पायाला ठेच लागून एखाद्याच्या तोंडून 'आई गं'सारखा शब्द घरच्या बोलीत निघाला, तर तो ऐकून मित्राला आनंद होतो, कारण त्याची मान सुटते.

१९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत तर जपानी सैन्याने हुकूमच काढला की, जो कोणी ओकिनावाची बोली बोलेल त्याला हेर समजून शिक्षा केली जाईल. युद्धानंतर ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती, ती १९७२ पर्यंत. तरीही पाटी काही शाळांतून टिकलीच. मैत्रिणीच्या आजीच्या गळ्यात ती पडली होती. त्या आजीने पुढे आपल्या मुलांशी घरची बोली कधी काढली नाही. नातीला ती येत नाही. २००९ मध्ये युनेस्कोने र्‍युक्यू बेटांवरच्या सहा भाषा लोप पावण्याच्या धोक्यातल्या म्हणून नोंदवल्या.

"सर, ज्या भाषेनं मला वाकायला शिकवलं, त्याच भाषेनं तिच्या आजीला वाकवलं," ती म्हणाली. "मग मी नेमकं काय शिकले?"

मी काही बोललो नाही. मला त्या वेळी आमच्या शाळेतला एक वर्ग दिसत होता.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. शुद्ध मराठीचे वेड घेऊन मी आलो होतो. आपल्या सीमाभागात मराठी टिकवायची तर ती निर्मळ टिकवली पाहिजे, अशी माझी प्रामाणिक समजूत. वर्गात कोणी 'जायलो', 'करायलास' म्हणाले, मध्येच एखादा कानडी शब्द आला, की वर्गप्रमुखाने वहीत त्याचे नाव लिहायचे आणि शनिवारी ती नावे मोठ्याने वाचायची, असा नियम मी केला. वर्षअखेर वर्गाची भाषा खरोखरच सुधारली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. त्या वहीत एका मुलाचे नाव दर शनिवारी असे. पुढे पुढे ते येईनासे झाले. तो सुधारला, असे मी समजलो. वास्तविक तो वर्गात बोलायचाच बंद झाला होता. काही वर्षांनी तो बसस्टँडवर भेटला. नमस्कार करून, प्रत्येक शब्द तोलून, पुस्तकातल्यासारखे माझ्याशी बोलला. साहेबाशी बोलतात तसे. मी वळलो आणि मागे त्याच्या दोस्ताने त्याला हाक मारली, तर त्याचा आवाज मोकळा, खळखळता, त्याच्या गावचा! मला तो आवाज त्याने कधी दिला नाही. माझी वही आणि ती पाटी यांत लाकूड आणि कागद एवढाच फरक.

तर मग प्रमाणभाषा शिकवूच नये काय? इतके सोपे ते नाही. १९४० मध्ये ओकिनावातच यावर मोठा वाद झाला. लोककलांचे जाणकार यानागी मुनेयोशी टोकियोहून तिथे गेले आणि बोली दडपण्याच्या मोहिमेवर त्यांनी टीका केली. प्रांताच्या शिक्षणखात्याने उलट उत्तर दिले. आमची माणसे पोटासाठी बाहेर जातात, प्रमाण जपानी न आल्याने अपमान सोसतात; त्यांना ती शिकवली नाही तर त्यांचे भले कसे होणार? हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बोलीचे कौतुक करणाऱ्या पाहुण्याला प्रमाणभाषा अवगत असते. ती नसण्याचे मोल दुसऱ्यालाच मोजावे लागते. शहरात बसून ग्रामीण बोलीचे गोडवे गाणारे आपल्याकडेही आहेत, आणि आपल्या मुलांना ती बोली लागू नये म्हणून जपणारेही तेच. माझ्या त्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठी आली नसती, तर अर्ज लिहिताना तो अडला असता, हे खरेच आहे.

मला वाटते, दोष भाषा शिकवण्यात नाही. दोष लाज शिकवण्यात आहे. नवी भाषा हे घराला काढलेले आणखी एक दार असावे. जुने दार बुजवून काढलेले नसावे. वाकणे आणि वाकवणे यांतला फरक ओळखण्याची माझ्यापुरती खूण मी ठरवली आहे. जो वाकतो, त्याला पुन्हा ताठ उभे राहता येते. चहाच्या बुटक्या दारातून आत गेलेला सरदार बाहेर येऊन आपली तलवार उचलू शकतो. शिवाय त्या दारातून यजमानाचा थोरला पाहुणाही वाकूनच येतो. गळ्यातल्या पाटीत यातले काहीच नसते. तिथे एकच बाजू वाकते, आणि तिचा कणा पुन्हा सरळ होत नाही.

जाण्याआधी तिने आणखी एक प्रश्न विचारला, तो मात्र थेट माझ्या अंगणातला. "सर, हजारो मैलांवरची भाषा मी हौसेनं शिकले. कानडी मात्र परीक्षेपुरती शिकले आणि विसरले. असं का?"

याचे अर्धे उत्तर माझ्याकडे तयार होते. १९५६ पासून या भागात कानडी आमच्याकडे शेजारीण म्हणून आली नाही, हुकूम म्हणून आली. वाकवणाऱ्याचा हाच मोठा अपराध असतो की, आपण होऊन वाकण्याचा आनंदही तो हिरावून घेतो. मान सक्तीने दाबली की ती प्रेमाने लववता येत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाची ही व्यथा खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही.

पण उरलेले अर्धे उत्तर माझ्या पदरात पडते. अण्णा, अक्का, तूप हे शब्द ज्या भाषेतून आमच्या घरात आले, ती भाषा मी बाजारापुरती बोलतो. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती, त्या द. रा. बेंद्रे यांनी कानडीत कविता लिहिली आणि १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले; त्यांचे धारवाड इथून दोन तासांवर, आणि त्यांचे एक पानही मी मुळातून वाचलेले नाही. हुकुमाला नकार देणे हा माझा हक्क होता. पण हुकुमावरचा राग मी भाषेवर काढला. त्यात तोटा कोणाचा झाला, हे आता या वयात कळते आहे. आणि ज्या वर्षांत मी माझ्यावरच्या सक्तीबद्दल तावातावाने बोलत होतो, त्याच वर्षांत वर्गप्रमुखाच्या हातात ती वही होती, हेही विसरून चालणार नाही.

संध्याकाळी ती निघाली. दाराकडे तोंड करून ठेवलेल्या चपला तिने सहज पायात सरकवल्या. आपल्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जपानीतही घरातून निघणारा म्हणतो तो शब्द 'इत्तेकिमासु', म्हणजे जाऊन येते. घरातल्यांनी उत्तरादाखल म्हणायचे, जाऊन ये. ती दोन्ही भाषांत म्हणाली, आणि मग पायऱ्या उतरता उतरता आपल्या गावच्या बोलीत हसून ओरडली, "जायलो हं, काकू!"

त्या एका शब्दासाठी मी एके काळी तिचे नाव वहीत लिहिले असते. आता मात्र दारात उभा राहून, ती दिसेनाशी होईपर्यंत मी तो कानात साठवत होतो.