विस्कटलेले केस

अब्राहम लिंकन म्हटलं की डोळ्यांसमोर दाढीवाला चेहराच येतो. आपल्याकडे हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्याच्याशेजारीही तोच चेहरा छापलेला असतो. (ते पत्र लिंकनच्या संकलित लेखनात नाही, हे शाळांमधून आता सांगायला हवं.) खरं तर ही दाढी त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या साडेचार वर्षांपुरतीच होती. त्याआधीची एक्कावन्न वर्षं ज्या चेहऱ्याने तो जगला, तो बघायचा तर त्याचे सुरुवातीचे फोटो काढून बसावं लागतं.

त्यातला सर्वांत जुना फोटो १८४६च्या सुमाराचा, बहुधा स्प्रिंगफील्डच्या निकोलस शेफर्डने काढलेला. लिंकन तेव्हा सदतीस वर्षांचा वकील होता आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर नुकताच निवडून आला होता. हा डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटलेली प्रतिमा. निगेटिव्ह नाही, त्यामुळे प्रती काढायची सोय नाही. जो पत्रा हातात आला तोच फोटो. प्रतिमा उमटेपर्यंत काही सेकंद अजिबात हलायचं नाही. चेहऱ्यावर जो ताठपणा दिसतो, त्यात या सक्तीचा वाटा मोठा असणार. केस चापून बसवलेले, कोट नीटनेटका. फक्त मोठे, हाडापेराचे हात त्या बेतलेल्या रूपात मावत नाहीत. पत्नी मेरीचाही जोडीचा फोटो त्याच सुमारास निघाला. हे दोन्ही फोटो घरच्यांसाठी होते, मतदारांसाठी नव्हे, आणि घराण्यातच राहिले. लिंकनचा फोटो त्याच्या नातीने १९३७ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला.

मला मात्र जास्त वेळ थांबवतो तो ११ वर्षांनंतरचा फोटो. फेब्रुवारी १८५७, शिकागो, छायाचित्रकार अलेक्झांडर हेस्लर. इथे केस पार विस्कटलेले आहेत, कपाळावर आणि कानांवर वाट्टेल तसे पसरलेले. गाल बसलेले, सुरकुत्या खोल. हा फोटो बऱ्याच जणांना आवडला नाही, मेरीला तर नाहीच. लिंकनचं मत वेगळं होतं. त्याने पत्रात लिहिलं की आपल्याला हा फोटो अगदी खरा वाटतो. बायकोला आणि इतरांना तो पटत नाही, याचं कारण बहुधा केसांची अवस्था असावी.

राजकारणात पुढे येऊ पाहणाऱ्या माणसाने हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. स्वतःचा कुठला चेहरा आवडतो हे सांगणं सोपं असतं. कुठला खरा आहे हे सांगायला स्वतःकडे परक्यासारखं बघता यावं लागतं. त्या फोटोची मूळ निगेटिव्ह १८७१मध्ये शिकागोच्या भीषण आगीत जळाली. प्रती वाचल्या, हे आपलं भाग्य.

यानंतर काळ बदलला. २७ फेब्रुवारी १८६०ला, न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन सभागृहातल्या त्याच्या भाषणाच्या दिवशी, मॅथ्यू ब्रॅडीने त्याचा फोटो काढला. हात पुस्तकावर, मागे खांब, आणि उंच मान झाकायला कॉलर वर ओढलेली. काचेच्या निगेटिव्हमुळे आता हव्या तितक्या प्रती निघू लागल्या होत्या. याच फोटोवरून चित्रं कोरली गेली, साप्ताहिकांत आणि प्रचाराच्या छापील चित्रांत आली. ज्यांनी लिंकनला कधी पाहिलं नव्हतं, त्यांना तो असा भेटला. ब्रॅडीने काही गैर केलं असं मी म्हणणार नाही. ‘रानटी’, ‘कुरूप’ अशी हेटाळणी सोसणाऱ्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याने प्रतिष्ठा दिली. पण हा चेहरा लोकांसाठी सजवलेला आहे, हे त्याच्याकडे बघताना विसरता येत नाही.

लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डहून अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेलने त्याला पत्र लिहिलं: तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, बरे दिसाल. तिने त्याला पाहिलं होतं ते छापील चित्रातच. आता एकदम दाढी ठेवली तर लोकांना तो खुळेपणा वाटणार नाही का, असं त्याने उत्तरात विचारलं. आणि निवडून आल्यावर दाढी राखायला घेतली.

त्या नोव्हेंबरच्या अखेरीला शिकागोत सॅम्युअल आल्शुलरने त्याचा फोटो काढला. दाढी नुकती फुटलेली, हनुवटीभोवती कशीबशी धरलेली. भावी राष्ट्राध्यक्षाला दाढी नीट भरेपर्यंत कॅमेरा टाळता आला असता. लिंकन आहे त्या चेहऱ्याने बसला.