‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, मानलं. वस्तू मिळत नाही, यावरूनच ती नाही हे कळतं. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नव्हतं. पण एका अटीवर सगळ्यांचं एकमत होतं: ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात अंगणात घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

मी पेनसिल्व्हेनियात न्यायवैद्यक विषविज्ञानाचं काम करते. मृताच्या रक्ताचा अहवाल लिहिताना मला ही अट रोज लागते.

१९५० च्या दशकात बाझलच्या सीबा कंपनीने वेदनाशामकाच्या शोधात नायटाझीन गटातली ओपिऑइड द्रव्यं तयार केली. ती इतकी तीव्र होती की औषध म्हणून कधी बाजारात आलीच नाहीत. २०१९ च्या सुमारास त्यांच्यातलं आयसोटोनिटाझीन नशेच्या बाजारात दिसू लागलं. त्याची रचना फेंटानिलहून अगदी निराळी, त्यामुळे फेंटानिलची चाचणीपट्टी ते ओळखत नाही. मॉर्फीनसाठीची प्राथमिक चाचणीही ‘निगेटिव्ह’ येते. रक्तात ते अनेकदा मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं.

काहीतरी सापडलं, तरी ओळख पटवणं सोपं नाही. आयसोटोनिटाझीन आणि प्रोटोनिटाझीन यांचं रेणुसूत्र एकच. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोन्ही वस्तुमान-भार गुणोत्तर (m/z) ४११.२ ला दिसतात. फुटल्यावर मुख्य तुकडेही तेच, १०० आणि ७२. क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून ती किंचित वेगळ्या वेळी बाहेर येतात, एवढाच भेद. आलेखातलं कुठलं शिखर कुणाचं, हे ठरवायला त्या द्रव्याचा शुद्ध नमुना, म्हणजे स्टँडर्ड, लागतं, आणि नव्या द्रव्याचं स्टँडर्ड सुरुवातीला मिळतच नाही.

अशा वेळी ‘ओपिऑइड आढळले नाही’ असं छापून जातं. मृताची आई ते वाचते आणि मुलानं काही घेतलंच नव्हतं असं धरून चालते. मृत्यूचं कारण अनिश्चित राहतं, आणि तीच पुडी दुसऱ्याच्या हाती जाते. उलट बाजूही तितकीच खरी: द्रव्य सापडलं म्हणजे त्यानेच जीव घेतला असं होत नाही. सवय, सोबत घेतलेली इतर द्रव्यं, शवविच्छेदन हे सगळं जुळवल्याशिवाय केवळ आकड्यावरून निवाडा करता येत नाही.

कोर्टाला ठाम उत्तर हवं असतं, हे मला कळतं. पण अर्धवट नजरेने दिलेलं ठाम उत्तर न्यायाला मदत करत नाही. अहवालात काय शोधलं, कोणत्या पद्धतीने शोधलं आणि किती कमी प्रमाणापर्यंत दिसू शकलं असतं, हे लिहिलंच पाहिजे. हाय रेझोल्यूशन यंत्रात साठवलेला डेटा नवं स्टँडर्ड हाती आल्यावर पुन्हा तपासता येतो. तो तपासणं हे मृताचं आपल्यावरचं ऋण आहे. जिथे आपली नजर पोचूच शकत नव्हती, तिथल्या ‘नाही’वर सही करणं हे असत्य आहे, मग यंत्र कितीही महागडं असो.