जिभेची साक्ष

रुचीविषयी वाद घालू नये, असा एक समज बहुतेक समाजांत रूढ आहे. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही मराठी म्हण त्याला दुजोरा देते. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. यात खरे-खोटे ठरविण्याजोगे काही नाही, असे मानून माणसे पानावरून उठतात. परंतु या समजाच्या आडोशाने एक महत्त्वाचा प्रश्न नजरेआड होतो. रुची हा वादाचा विषय नसेलही. पण रुचीविषयी केलेले विधान हे इतर विधानांसारखेच विधान असते आणि ते प्रामाणिकपणे किंवा अप्रामाणिकपणे करता येते. न आवडलेल्या पदार्थाची स्तुती करणारा मनुष्य खोटे बोलत असतो, की केवळ सभ्यपणे वागत असतो? आणि त्याच्या या सभ्यतेमुळे पंक्तीतील इतरांचे काही नुकसान होते काय?

या प्रश्नाच्या विचारासाठी एक प्रसंग कल्पावा. स्थळ लखनौ. हिवाळ्यातील एका रात्री हजरतगंजच्या परिसरातील एका भोजनगृहात पाच स्नेही जमले आहेत. त्यांपैकी एकाने बरगंडी, बोर्दो आणि र्‍होन या फ्रेंच प्रांतांतील, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या अशा तीन बाटल्या जपून ठेवल्या होत्या; त्या आज उघडावयाच्या आहेत. तिघांना अशा वाईनचा बऱ्यापैकी परिचय आहे. पाचवा, वयाने सर्वांत धाकटा, जुनी वाईन आयुष्यात प्रथमच चाखणार आहे.

अशा प्रसंगाला लखनौ हे स्थळ अगदीच परके नाही. फ्रान्समधील लिओं येथे १७३५ मध्ये जन्मलेला क्लॉद मार्तां याच नगरात स्थायिक झाला, गोमतीकाठी त्याने 'कॉन्स्टन्शिया' हा प्रासाद उभारला आणि १८०० मध्ये येथेच तो निवर्तला. त्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून 'ला मार्टिनियर' या शाळा निघाल्या. लिओंच्या उत्तरेस आणि दक्षिणेस आजही द्राक्षमळे पसरलेले आहेत. योहान झोफनी या चित्रकाराने १७८६ च्या सुमारास लखनौत रंगविलेले, कर्नल पोलिए व त्याचे मित्र यांचे एक चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. पोलिए माळ्यांनी आणलेली फळे-भाज्या पारखतो आहे, मार्तां दुसऱ्या मित्राला आपल्या घराचे चित्र दाखवितो आहे, आणि स्वतः झोफनी चित्रफलकापाशी बसला आहे. मित्रांच्या सहवासात पारख करणे, दाखविणे आणि दाद मागणे ही या नगराची जुनी रीत आहे.

मद्य घ्यावे की घेऊ नये, हा वेगळा नैतिक प्रश्न आहे. प्रस्तुत विवेचनाचा त्याच्याशी संबंध नाही. वाईनच्या जागी मलिहाबादचा दशहरी आंबा ठेवला, तरी मूळ प्रश्न बदलत नाही. परंतु जुन्या वाईनच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो, याला तिचा स्वभाव कारणीभूत आहे. बहुसंख्य वाईन तयार झाल्यावर थोड्याच वर्षांत पिण्यासाठी असते. फार थोडी वाईन काळाचा संस्कार सोसू शकते. अशा तांबड्या वाईनमधील टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट लागणारे द्रव्य, कालांतराने संयोग पावून साक्याच्या रूपाने तळाशी बसते. जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळांचा गंध मागे सरून वाळलेली पाने, चामडे, अळंबी, ओली माती यांची आठवण देणारे गंध पुढे येतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांजवळ पोचणाऱ्या नगरात अशी बाटली सांभाळणे हेच एक व्रत असते. शिवाय एकाच वर्षाच्या, एकाच मळ्यातील दोन बाटल्याही तीस वर्षांनंतर सारख्या राहत नाहीत. कविता पुन्हा वाचता येते, गायन ध्वनिमुद्रिकेवर पुन्हा ऐकता येते; ही बाटली मात्र एकदाच उघडते आणि रात्र सरण्यापूर्वी संपते. तिच्याविषयी जे काही ज्ञान शिल्लक राहील, ते त्या पाच जणांच्या साक्षीतच राहील.

आता प्रसंगातील पेच असा. पहिली बाटली उघडली जाते, वाईन प्याल्यांत ओतली जाते. यजमानाच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांच्या प्रतीक्षेचे समाधान आहे. तो एक घोट घेतो आणि डोळे मिटून मान डोलावतो. दोघे स्नेही त्याच्या स्वरात स्वर मिसळतात. चौथ्याला मात्र प्याल्यातून ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो. बुचातील बुरशीच्या क्रियेने तयार होणाऱ्या एका रासायनिक द्रव्याचा हा वास असतो. ते अत्यल्प प्रमाणात असले तरी वाईनचा मूळ गंध झाकून टाकते. प्रकृतीला त्यापासून अपाय नसतो, आणि ते ओळखण्याची क्षमताही माणसागणिक पुष्कळ वेगळी असते. चौथ्या स्नेह्याने आता काय करावे? सत्य बोलावे, प्रिय बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये, हा जुना उपदेश त्याला ठाऊक आहे. 'पहले आप'च्या नगरात यजमानाचा विरस करणे त्याच्या जिवावर येते.

पाश्चात्त्य विचारात या पेचाची दोन टोके स्पष्टपणे मांडलेली आढळतात. इमॅन्युएल कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात कॅनरी बेटांतील वाईनचेच उदाहरण घेतले आहे. ही वाईन सुखद आहे असे कोणी म्हटले, तर ती 'मला' सुखद आहे एवढेच त्याने म्हणावे. इतरांच्या संमतीवर त्याचा अधिकार नाही. तो अधिकार सौंदर्यविधानाचा. मराठीत रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथाने कांटच्या भूमिकेचा सविस्तर परामर्श घेतला आहे. ही भूमिका स्वीकारली तर चौथ्या स्नेह्याचे मौन निरुपद्रवी ठरते; त्याला वास आला, इतरांना आला नाही, प्रश्न मिटला. त्याआधी १७५७ मध्ये डेव्हिड ह्यूमने रुचीच्या प्रमाणाविषयीच्या निबंधात 'दोन किहोते'मधील एक कथा सांगितली होती. सँचोच्या दोन नातलगांना पिंपातील वाईनची परीक्षा करण्यास बोलाविले जाते. एक म्हणतो, वाईन उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम, पण किंचित लोखंडाची. दोघांचीही टिंगल होते. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडते.

या कथेतील एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. दोघांच्या साक्षी परस्परांशी जुळत नव्हत्या आणि तरीही दोन्ही खऱ्या होत्या; त्या एकत्र आल्या म्हणूनच किल्लीचे संपूर्ण वर्णन सिद्ध झाले. दुसऱ्याने पहिल्याच्या भिडेने चामड्याचीच चव सांगितली असती, तर एकमत झाले असते, पण लोखंड कोणालाच कळले नसते. ह्यूमचा आशय यापुढे थोडा ताणून असे म्हणता येईल की, रुचीच्या क्षेत्रात सत्य ही एकट्याच्या आवाक्यातील गोष्ट नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा अंश निष्ठेने सांगितला तरच ते हाती येण्याची शक्यता असते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जीभ इतकी विश्वसनीय आहे काय? बोर्दो येथे वाईनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सर्वश्रुत आहे. पांढऱ्या वाईनमध्ये गंधहीन तांबडा रंग मिसळून ती त्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला आज्ञा दिली होती. लखनौला ही गोष्ट फार पूर्वीच ठाऊक होती. अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) यांनी आपल्या लखनौविषयक लेखमालेत वाजिद अली शाहच्या दस्तरख्वानाची एक कथा नोंदविली आहे. दिल्लीच्या राजघराण्यातील मिर्झा आसमान कद्र यांच्यापुढे मुरंब्यासारखा दिसणारा पदार्थ ठेवला गेला. घास घेतल्यावर तो मांसाचा कोर्मा निघाला. त्यांनी पुढे परतफेड केली ती अशी की, वाजिद अली शाहपुढे मांडलेले सारे पदार्थ, पात्रांसकट, साखरेचे होते.

नबाबी पाकशाळेतील ही फसवणूक आणि बाजारातील फसवणूक यांत नैतिक अंतर आहे. जुन्या फ्रेंच वाईनच्या नावाखाली स्वतः मिसळलेली वाईन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानला न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली दोषी ठरविण्यात आले आणि पुढील वर्षी दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. दस्तरख्वानावरील कोडे पहिल्या घासालाच उलगडावे अशा हेतूने रचलेले असते. फसलेला पाहुणा त्या हास्यात सहभागी होतो. बनावट बाटलीचा व्यवहार, सत्य कधीच बाहेर येऊ नये या हेतूवर उभा असतो. असा व्यवहार वर्षानुवर्षे चालू शकतो, याला किमती बाटलीसमोर 'काहीतरी चुकते आहे' असे म्हणण्यास पंक्तीतील लोक कचरतात, हेही एक कारण असावे. जीभ चुकू शकते, हे मान्य करूनही आक्षेपाला उत्तर देता येते. साक्षीदार चुकू शकतो म्हणून न्यायालय साक्ष घेणे सोडत नाही. साक्षीदारांनी एकमेकांचे ऐकून बोलू नये, एवढी दक्षता घेते. जिभेवर डोळ्याचा, प्रतिष्ठेचा आणि मित्राच्या चेहऱ्याचा प्रभाव पडतो, म्हणूनच आपल्याला जे जाणवले ते तसेच सांगण्याची जबाबदारी अधिक वाढते.

भारतीय काव्यशास्त्राने रसाची कल्पना समजावून सांगताना प्रथम पानाकडेच बोट दाखविले होते. नानाविध व्यंजनांनी संस्कारित अन्न सेवन करणारे सुमनस लोक जसे रस आस्वादतात, तसा प्रेक्षक नाट्यरस आस्वादतो, असा दृष्टान्त नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात येतो. अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन पानकरसाचा दाखला दिला. गूळ, मिरी आदी घटकांहून त्यांच्या मिश्रणाची चव निराळीच असते. या परंपरेतील आस्वादकाला 'सहृदय' म्हटले जाते, आणि या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'सहमत' असा केला जातो. सहृदयाचे हृदय कृतीशी संवादी असावे लागते. शेजारी बसलेल्या प्रेक्षकाशी त्याचे मत जुळावे, अशी अपेक्षा तेथे नाही. सुमनस असणे म्हणजे मन स्वच्छ असणे. ज्या मनात यजमानाची मर्जी आधीच येऊन बसली आहे, तेथे आस्वादाला जागा अपुरीच पडणार.

मग तहजिबीचे काय? लखनौच्या संस्कृतीत केवळ गोड बोलणेच होते, असे मानणे अन्यायाचे होईल. याच नगरात नासिख आणि आतिश यांच्यासारख्या उस्तादांच्या हाताखाली शागिर्दांच्या गझला दुरुस्त होत असत. मुशायऱ्यात दाद आणि उस्तादापाशी इस्लाह, अशी ती व्यवस्था होती. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय उभे राहिले. उस्तादांविषयी आदर बाळगूनही भातखंड्यांनी रागरूपांबाबत त्यांच्यात असलेले मतभेद आपल्या ग्रंथांत नोंदविले. ते झाकून एकच रूप पुढे ठेवणे सोपे होते. पुढील विद्यार्थ्याला राग कळावयाचा, तर कोठे मतभेद आहे हेही कळले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती.

येथे पंक्तीतील पाचव्या, धाकट्या स्नेह्याकडे वळणे आवश्यक ठरते. आतापर्यंतच्या विचारात यजमान आणि चौथा स्नेही यांच्यातील भीड एवढाच विषय होता. परंतु मौनाची खरी किंमत यजमान देत नाही. ती हा नवखा देतो. त्याच्यापाशी तुलनेला काही नाही. त्यालाही तो कोंदट वास येत असावा. पण चौघे जाणते एक तर स्तुती करीत आहेत किंवा गप्प आहेत. तेव्हा तो आपल्याच नाकावर अविश्वास दाखवितो आणि हाच काळाचा सुगंध असे शिकून घरी जातो. पुढे कधी निर्दोष जुनी वाईन समोर आली, तर तीच त्याला उणी वाटेल. मित्राच्या सामान्य पुस्तकाला थोर म्हणणारा समीक्षकही हेच करीत असतो. लेखक सुखावतो, समीक्षकाचा स्नेह टिकतो, आणि ग्रंथालयात ते परीक्षण वाचणारा विद्यार्थी, पुस्तक वाचूनही आपल्याला काही जाणवले नाही याचा दोष स्वतःकडे घेतो. अप्रिय सत्य बोलू नये हा उपदेश दोघांतील संभाषणाला लागू पडेल. तिसरा ऐकत आहे आणि शिकत आहे, तेथे तो अपुरा आहे.

चौथ्या स्नेह्याने बोलले पाहिजे, असाच याचा निष्कर्ष निघतो. कसे बोलावे, हे मात्र त्याला लखनौकडूनच शिकता येईल. बाटली बिघडली आहे असा निवाडा देण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या जिभेला नाही. कदाचित चूक तिचीच असेल. परंतु 'मला ओलसर पुठ्ठ्यासारखा वास येतो आहे, आपल्याला येतो का?' असे तो विचारू शकतो. हा प्रश्न आहे आणि साक्षही आहे. इस्लाहसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याची सोय येथे नाही. म्हणून तो आत्ताच विचारला पाहिजे. प्याला काही वेळ हवेवर राहिला की तो वास बहुधा अधिकच स्पष्ट होतो. यजमान पुन्हा हुंगून पाहील. त्याला वास आला तर क्षणभर वाईट वाटेल, पण दुसरी बाटली उघडताना तो सर्वांच्या मताची खऱ्या उत्सुकतेने वाट पाहील, कारण आता त्या मताला मोल आले आहे. त्याला वास आला नाही, तर दोन भिन्न साक्षी टेबलावर राहतील, सँचोच्या नातलगांच्या राहिल्या तशा. दोन्ही परिस्थितींत धाकट्या स्नेह्याने धीर करून 'मलाही तो येत होता' किंवा 'मला येत नाही' असे म्हटले, तर त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.