सोडणे, सुटणे आणि परत करणे



आपल्या मराठीत एकाच कुळातली दोन क्रियापदे आहेत: ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’. साखर सोडली, नोकरी सोडली असे म्हणताना करणारे आपण असतो. हातातून पेला सुटला असे म्हणताना ते आपल्याकडून घडून गेलेले असते. हिंदीतही ‘छोड़ना’ आणि ‘छूटना’ अशीच जोडी आहे. हिंदी लेखांचे मराठीत भाषांतर करण्याची सेवा करताना ही जोडी वारंवार समोर येते. लेख त्यागावरचा असेल, तर प्रत्येक वेळी थांबून पाहावे लागते, की इथे माणसाने काही सोडले आहे, की त्याच्या हातून ते सुटले आहे.

आजचा प्रश्न या दोन शब्दांच्या मधला आहे. समजा, आपण वर्षानुवर्षे एखादी हस्तकला जिवापाड जपली आहे. भरतकाम असेल, विणकाम असेल, रांगोळी असेल. आणि हातच दुखू लागतो. औषध होते, विश्रांती होते, तरी दुखणे हटत नाही आणि शेवटी ती कला थांबवावी लागते. याला त्याग म्हणायचे का? आणि हा त्याग नसेल, तर साधकाने त्याकडे कसे पाहायचे?

दुखणारा अंगठा

इंदूरला राहणारी माझी आत्या क्रोशाचे विणकाम करायची. आमच्या नात्यातल्या कितीतरी लग्नांच्या रुखवतात तिने विणलेले रुमाल आणि तोरणे मांडलेली असत. कुणाकडे बाळ आले की टोपडे आणि पायमोजे तिचेच. साखळी, मुका खांब, खांब हे शब्द ऐकतच आम्ही भावंडे मोठी झालो. नमुन्याकडे न बघता, गप्पा मारता मारता तिचा हात चालत असे.

पन्नाशीनंतर तिचा उजवा अंगठा मुळाशी दुखू लागला. आधी विणताना, मग बरणीचे झाकण उघडताना, मग कुलपात किल्ली फिरवतानाही. डॉक्टरांनी सांगितले की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यातली कूर्चा झिजली आहे. संधिवाताचा हा प्रकार नेहमी आढळणारा आहे आणि या वयातल्या स्त्रियांमध्ये तो विशेष दिसतो. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कित्येक पट भार त्या लहानशा सांध्यावर येतो, आणि क्रोशाची सुई तर तासन्‌तास चिमटीतच धरायची असते. तिने अंगठ्याला आधार देणारा पट्टा बांधला, शेक घेतला, जाड मुठीची सुई आणून पाहिली, रोजचा वेळ अर्ध्या तासावर आणला. दोन वर्षांनी तेवढेही जमेना.

यानंतरचे विचार करण्यासारखे आहे. भेटायला आलेल्यांपैकी कुणी म्हणाले, “बरे झाले, आता नामस्मरणाला वेळ मिळेल.” कुणी म्हणाले, “आसक्ती गेली म्हणायची.” तीही हसून म्हणे, “हो, सोडले आता.” पण सुयांचा डबा कपाटात तसाच होता. लग्नाला गेली की ती रुखवताच्या टेबलाकडे जायचे टाळत होती. तोंडी शब्द ‘सोडले’ होता, घडले होते ते ‘सुटले’.

गांडीव तीन वेळा हातातून जाते

सुटलेल्या गोष्टीला सोडलेली म्हणण्याचा मोह फार जुना आहे. महाभारतातले गांडीव आठवा. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीने ते वरुणाकडून मिळवून अर्जुनाला दिले. पुढे अर्जुनाची ओळखच त्या धनुष्याशी जोडली गेली. हे धनुष्य तीन प्रसंगी त्याच्या हातातून जाते, आणि प्रत्येक वेळी जाण्याची रीत वेगळी आहे.

पहिला प्रसंग कुरुक्षेत्राचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो, की अंग कापते आहे, तोंड कोरडे पडले आहे आणि गांडीव हातातून निसटते आहे. अध्याय संपताना मात्र तो स्वतःच बाणासह धनुष्य टाकून रथात बसतो. म्हणजे आधी सुटले, मग त्याने ‘सोडले’. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो असेही म्हणतो, की यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे. भाषा वैराग्याची आहे. पण श्रीकृष्ण ती मान्य करत नाहीत, कारण आत वैराग्य नाही, शोक आहे.

दुसरा प्रसंग मौसलपर्वातला. यादवांचा नाश झाल्यावर द्वारकेतल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन अर्जुन निघतो. वाटेत आभीर लुटारू चालून येतात. अर्जुन गांडीव उचलतो, पण प्रत्यंचा चढवतानाच त्याला मोठे कष्ट पडतात. अस्त्रे आठवत नाहीत. न संपणारे बाण संपतात. या वेळी लढण्याची इच्छा पुरेपूर आहे, कर्तव्यही समोर उभे आहे, हातच साथ देत नाहीत. पुढे तो व्यासांकडे जातो आणि घडलेले सगळे त्यांना सांगतो. व्यास आधी ऐकून घेतात. मग समजावतात, की त्या अस्त्रांचे कार्य पूर्ण झाले, जिथून आली तिथे ती गेली. बळ, बुद्धी आणि तेज हे काळाच्या स्वाधीन असते. अर्जुनाला ते दोष देत नाहीत.

तिसरा प्रसंग महाप्रस्थानाचा. पांडवांनी राज्य सोडले, वल्कले नेसली. तरीही अर्जुनाने गांडीव आणि ते दोन भाते जवळ ठेवले होते. महाभारत स्पष्ट सांगते, की त्या रत्नाचा लोभ त्याला सुटत नव्हता. ज्याला राज्य सोडता आले, त्याला धनुष्य सोडता आले नाही! तेव्हा अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि सांगतो, की हे मी वरुणाकडून तुझ्यासाठी आणले होते, ते आता वरुणाला परत दे. अर्जुन धनुष्य आणि भाते पाण्यात अर्पण करतो.

अग्नीने ‘मोह टाक’ असा उपदेश केला नाही. धनुष्य मुळात कुणाचे, एवढेच त्याने आठवून दिले. सोडणे आणि सुटणे यांच्या पलीकडचा हा तिसरा शब्द आहे: परत करणे.

थांबायचे केव्हा?

इथे एक शंका येईल. गीतेच्या १८ व्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्म टाकणे हा राजस त्याग, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असे तिथे म्हटले आहे. मग हात दुखतो म्हणून थांबणारी व्यक्ती भित्री ठरते का?

दोन गोष्टी लक्षात घेऊ या. एक म्हणजे, तिथला विषय नियत कर्माचा, म्हणजे टाळू नये अशा कर्तव्याचा आहे. आवडीची कला ज्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. पण आनंदासाठी विणणाऱ्याने विणलेच पाहिजे असे कुणी सांगितलेले नाही. दुसरे म्हणजे, त्याच गीतेच्या १७ व्या अध्यायात हट्टाने शरीराला पीडा देणाऱ्यांच्या तपाला आसुरी म्हटले आहे, कारण त्यात देहाबरोबर देहात राहणाऱ्या ईश्वरालाही कष्ट होतात. पहिल्या कळेला पळणे योग्य नाही, आणि सांधा निकामी होईपर्यंत ओढत राहणे हेही तप नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. फ्रेंच चित्रकार रेन्वार (१८४१–१९१९) यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. कुंचला त्यांच्या हातात दुसऱ्याला ठेवून द्यावा लागे, तरी ते शेवटपर्यंत चित्रे काढत राहिले. शिल्पे करायची इच्छा झाली तेव्हा १९१३ पासून रिशार गिनो या तरुण शिल्पकाराने त्यांच्या सांगण्यावरून मातीला आकार दिला. कल्पना एकाची, हात दुसऱ्याचे. रेन्वार आसक्त होते की अनासक्त, हे ठरवणारे आपण कोण? एवढे मात्र दिसते, की कामाची रीत बदलणे आणि दुसऱ्याचे हात स्वीकारणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्याकडे यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याचा घसारा हिशेबात धरतात. यंत्र झिजते याचा कुणाला अपमान वाटत नाही. हाताचा घसारा मात्र आपण कुठेच मांडत नाही, आणि एक दिवस तो एकदम समोर आला की स्वतःवरच रागावतो. म्हणून आधी वैद्यकीय सल्ला, मग विश्रांती, मग साधनात आणि वेळेत बदल. हे सगळे प्रामाणिकपणे करून झाले आणि तरी दुखणे वाढतच असेल, तर थांबणे हा पळपुटेपणा नाही. व्यासांनी अर्जुनाला जे सांगितले, ते स्वतःला सांगण्याची ती वेळ आहे.

परत कसे करायचे?

ताळेबंदाच्या दोन बाजू असतात: मालमत्ता आणि देणी. आपली कला आपण नेहमी मालमत्तेच्या बाजूला लिहितो: माझा हात, माझे काम, माझे नाव. गांडीवाची गोष्ट ती देण्यांच्या बाजूला लिहायला सांगते. आपल्याला पहिला टाका कुणीतरी शिकवला होता. त्या व्यक्तीलाही तो कुणीतरी शिकवला होता. क्रोशाची साखळी कुणी पहिल्यांदा घातली, हे आज कुणालाच ठाऊक नाही. मधल्या काही वर्षांपुरती ती आपल्या हातात होती.

याचा अर्थ ‘आता शिकवा, म्हणजे दुःख जाईल’ असा नाही. आत्याने एकदा मला स्पष्टच सांगितले, “शिकवणे म्हणजे विणणे नव्हे गं. दोरा बोटांतून सरकतो ना, ते सुख वेगळेच.” तिचे म्हणणे खरे आहे. जे गेले ते गेले, आणि त्याची बरोबरी करणारे दुसरे काही शोधायची घाई नको. पण हे मोकळेपणाने बोलल्यानंतरच, काही महिन्यांनी, तिने सुयांचा डबा शेजारच्या मुलीला दिला. आता ती मुलगी विणताना आत्या जवळ बसते आणि खांब सैल पडला की सांगते. स्वतः सुई धरत नाही. नवा दोरा हातात आला की अजूनही तिला भरून येते. तरी रुखवताच्या टेबलापाशी ती आता थांबते, कुणाचे तरी काम उलटून मागची बाजू पाहते आणि मनापासून ‘छान’ म्हणते.

तिची आवड मेली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. हस्तकला आपल्याला हाताबरोबर डोळाही देते. दुसऱ्याच्या कामातले कष्ट ओळखणे, धीर धरणे, चुकले तर उसवून पुन्हा सुरू करणे. हे सगळे अंगठ्याच्या सांध्यात राहत नाही.

आपण करण्यासारखे

आपल्या ओळखीत कुणाच्या हातून आवडीचे काम सुटले असेल, तर त्यांच्यासमोर ‘त्याग’ हा शब्द आपण आधी उच्चारू नये. तो शब्द त्यांचा आहे. त्यांना तो कधी सापडेल, कदाचित सापडणारही नाही. आपण व्यासांसारखे आधी विचारावे, “काय झाले?” आणि पूर्ण ऐकावे. त्यांनी केलेली एखादी वस्तू घरात असेल तर ती काढून वापरावी, आणि वापरतो आहोत हे त्यांना सांगावे.

आणि हे आपल्या स्वतःच्या बाबतीत घडले असेल, तर तीन गोष्टी एका कागदावर लिहून पाहा. ही कला मला कुणी दिली? ती माझ्याकडे असताना मी ती कुणाकुणाला दिली? आणि आता माझ्याकडे जे उरले आहे, म्हणजे साधने, नमुने, डोळा आणि अनुभव, ते घेण्यासाठी कोण उभे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले नाही तरी चालेल. डबा कपाटातच राहू द्या. फक्त त्याच्यावर ‘माझे’ असे लिहिले असेल, तर ते अक्षर हळूहळू पुसट होऊ द्या.